चपटी चाकं, लाल नदी

सोनाली बोरसे पायऱ्या चढून वर आली तेव्हा छाया महाले खमण खात होत्या आणि लोटू पाटील फोनवर बायकोची बोलणी खात होता.

सुरतेच्या पांडेसऱ्यात खमणच्या दुकानावर छायाताईंची एक खोली आहे. दारावर पाटी, 'खाजगी तपास'. पूर्वी त्या विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या. लोटू कापड रंगवायच्या कारखान्यातून निवृत्त झाला, घरी बसून बायकोला नको नको झाला, आणि ताईंकडे लागला. डोकं चालवायचं काम ताईंचं, स्कूटर चालवायचं त्याचं. या वाटणीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

"हो गं सुंदरा, आणतो," तो फोनमध्ये म्हणत होता. "सुताराकडून पाट आणतो, नैवेद्याच्या रोटाचे गहू दळून आणतो. कानबाईचा सण रविवारी आहे, आज नाही. मागच्या वर्षी देवी तापीवर तूच घेऊन गेलीस ना डोक्यावर? मग यंदाही तूच ने. वाळू आणायला मी येतो मागून. ठेव आता, माणसं आलीत."

माणसं म्हणजे एकटी सोनाली. शाळेत शिक्षिका असावी, ताईंनी पाहताक्षणी ताडलं. हाताला खडू होता. ती बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, माझ्या बाबांची वस्तू चोरीला गेलीय. एक खेळ."

"क्रिकेटचा की कॅरमचा?" लोटूने विचारलं.

"कॉम्प्युटरवरचा, काका. जुना."

लोटूने खुर्ची जरा मागे ओढली. कॉम्प्युटर म्हटलं की तो चार हात लांबच राहायचा.

सोनालीने सांगितलं ते असं. तिचे वडील शालिग्राम बोरसे इथल्याच एका मिलच्या ऑफिसात कारकून होते. मिल आता बंद पडली, पाडलीसुद्धा. तिथे एक कॉम्प्युटर होता. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून शालिग्राम त्याच्यापुढे बसायचे. पुस्तकं आणून शिकले, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी एक खेळ बनवला.

"आईला म्हणायचे, तुझ्यासाठी बनवलाय. एकदा ऑफिसात नेऊन दाखवीन. पण कसला खेळ, ते सांगायचे नाहीत. दाखवूनच सांगायचं होतं त्यांना. मग मिल बंद पडली, आणि ते राहूनच गेलं."

आता मंडळाच्या हॉलमध्ये 'कालचं सुरत' नावाचं प्रदर्शन भरत होतं. मागावरचे जुने धोटे, हजेरीची घड्याळं, टाइपरायटर, आणि एका टेबलावर जुने कॉम्प्युटर गेम. त्यात एक खेळ याच मिलमधला. खाली पितळी पाटी बसली होती: 'पनिहारी. निर्माते: कै. मारुती ढोबळे.'

"मारुती ढोबळे कोण?" ताईंनी विचारलं.

"मिलचे मॅनेजर. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात ती फ्लॉपी सापडली. त्यांचा मुलगा कुंदनदादा, त्याने ती प्रदर्शनाला दिली. खेळ सुरू केला की पहिल्याच पानावर मारुतीकाकांचं नाव येतं."

"मग तो खेळ तुझ्या वडिलांचा कशावरून?"

"त्या ऑफिसात दुसरं कुणी असलं काही करतच नव्हतं."

"हा काही पुरावा नाही, पोरी."

"नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

लोटूला राहवलं नाही. "वडिलांनाच विचार की सरळ!"

सोनालीचे डोळे भरून आले. दिवाळीनंतर शालिग्रामना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं. तिने त्यांना खुर्चीवर बसवून हॉलमध्ये नेलं, खेळासमोर आणलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड फिरवलं.

"कुंदनदादा सगळ्यांसमोर म्हणाला, बघा, स्वतःचं लेकरू कुणी ओळखत नाही होय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी ते ऐकलं, ताई. तेव्हापासून ते धड जेवतही नाहीत." तिने डोळे पुसले. "डॉक्टर काही भरवसा देत नाहीत. उद्या उद्घाटन आहे. ती पाटी उद्या सगळ्यांसमोर आली की संपलं. बाबांच्या हयातीत ते खरं व्हावं, बस. खेळ त्यांचा नसला तर तसं सांगा. मी गप्प बसेन."

छायाताईंनी खमणचा कागद चुरगळला. "लोटूभाऊ, स्कूटर काढा."

* * *

हॉलमध्ये चेतन लोखंडे स्टुलावर बसून वायरींचा गुंता सोडवत होता. मूळचा नांदेडकडचा, पण जन्म सुरतेतलाच. त्याचं जुन्या कॉम्प्युटरांच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि प्रदर्शनातले सगळे खेळ त्यानेच बसवले होते.

"आवो छायाबेन," तो म्हणाला. "त्या खेळासाठी आलात ना? त्याने माझं डोकं फिरवलंय."

"फ्लॉपीवरून खेळ तूच काढलास?"

"हा. कुंदनभाई दुकानात आले, मी फ्लॉपी लावली आणि सरळ त्यांच्या पेनड्राइव्हवर उतरवली. दुसऱ्यांदा लावली तर कर्र कर्र करून मेली बिचारी. बुरशी होती. मग चार दिवसांनी कुंदनभाईंनी पेनड्राइव्ह इथे आणून दिला, तेव्हा मी खेळ पहिल्यांदा चालवून बघितला."

"पहिलं पान बदलायचं म्हटलं तर अवघड?"

"बिलकुल नाही. ते वेगळं चित्रच आहे. त्याच मापाचं दुसरं चित्र त्याच नावाने ठेवलं की झालं. खेळाच्या आत मात्र कुणी हात घालू शकत नाही."

त्याने खेळ सुरू केला. पहिल्या पानावर निळं आकाश, पिवळाधमक गोल चंद्र आणि खाली घडा घेतलेली सुबक बाई. वर झोकदार अक्षरांत 'पनिहारी', म्हणजे पाणी भरणारी, चंद्राच्या आत मारुती ढोबळ्यांचं नाव. चारी बाजूंनी साडीच्या काठासारखी नक्षी.

मग खेळ उघडला आणि लोटू म्हणाला, "अरे देवा!"

नदी लाल. झाडं जांभळी. बाईचं तोंड हिरवंगार. ती घरातून डोक्यावर काहीतरी घेऊन निघाली ती अशी सुसाट, की जणू मागे कुत्रं लागलंय. कुत्रं खरंच होतं, तेही निळं. हातगाड्या आडव्या येत होत्या, त्यांची चाकं चपटी, वरून ट्रक गेल्यासारखी. आवाजाचं नाव नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाई गाडीला धडकली आणि खेळ संपला.

"रंग बिघडलेत रे," लोटू म्हणाला.

"सगळ्या सेटिंग करून बघितल्या, काका. रंग तसेच. खेळातच तसे भरलेत." चेतनने डोकं खाजवलं. "आणि चाकांचं सांगतो. जुन्या पडद्यावरचा ठिपका उभट असायचा, आताचा चौकोनी. म्हणून जुने खेळ आताच्या पडद्यावर चपटे दिसतात. त्याला एक सेटिंग असतं, लावलं की चित्र उभं ताणलं जातं आणि सरळ दिसतं. कोणताही जुना खेळ हातात आला की मी आधी तेच लावतो. पण इथे लावलं तर बघा."

त्याने ते लावलं. चाकं गरगरीत गोल झाली. मग तो पहिल्या पानावर गेला. तिथला चंद्र अंड्यासारखा उभा झाला होता आणि बाई ताडमाड.

"एका खेळात दोन मापं! आत बरं केलं की बाहेर बिघडतं, बाहेर बरं केलं की आत. कुंदनभाई म्हणाले, बाबांच्या नावाचं पान नीट दिसू दे, चाकांचं जाऊ दे. म्हणून मी ताण काढला."

"आणि आवाज?"

"त्या खेळाचा आवाज मशीनच्या आतल्या स्पीकरचा. लावला तर सुरुवातीला एकदाच 'किर्रर' करतो आणि खलास. कान किटतात. मी बंदच ठेवला."

छायाताई वाकून बघत होत्या. "ही बाई नदीवर पोचल्यावर काय होतं?"

"मी एकदाच पोचलो, तेही नशिबाने. डोक्यावरचं नाहीसं होतं आणि मग परत घरी जायचं असतं. घरी कुणी पोचलेलं नाही. एवढ्या वेगात कोण पोचणार?"

"वेग कमी होतो?"

"होतो. पण पोरांना वेगच आवडतो, म्हणून सगळे खेळ मी फुल ठेवलेत."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि लोटूला कोपराने ढोसलं. चेतन खरं बोलतोय की नाही, याचा त्यांना काय अंदाज आला ते लोटूला कळलं नाही. त्याला स्वतःला चेतनचा दाट संशय आला होता. ज्याला कुलूप उघडता येतं तोच चोर, हे त्याचं जुनं तत्त्व.

* * *

कुंदन ढोबळेचं डिझाइनचं ऑफिस कतारगामात होतं. साड्यांवर छापायच्या नक्ष्या तिथे कॉम्प्युटरवर तयार व्हायच्या. ते आत गेले तेव्हा तो भल्यामोठ्या पडद्यावर एक बुट्टा गोल करत बसला होता. चाळिशीचा, शांत, डोळ्यांखाली काळं. भिंतीवर वडिलांचा फोटो, ताजा हार.

"बोरसेंच्या मुलीने पाठवलं ना?" तो म्हणाला. "मला तिचा राग नाही, मॅडम. प्रत्येकाला आपला बाप मोठा वाटतो."

"तुम्ही लहानपणी तो खेळ खेळलात?"

"म्हणजे काय! सुट्टीत बाबांबरोबर ऑफिसात जायचो, त्यांच्या मांडीवर बसून खेळायचो. ती लाल नदी अजून डोळ्यांपुढे आहे. संध्याकाळच्या उन्हातली नदी. बाबांनी मुद्दाम लाल केली होती."

"आणि हिरवं तोंड?"

तो हसला. "हळद-कुंकवासारखं साधं सरळ त्यांना आवडायचं नाही. कलावंत माणूस होता. मॅनेजरीत जन्म गेला."

"आवाज कसा होता?"

"आवाज नव्हताच. बाबांना शांतता लागायची."

"तुम्ही मूळचे कुठले?"

"अमरावतीकडचे. का?"

"सहज," ताई म्हणाल्या. "बुट्टा छान झालाय."

"एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी मला खपत नाही," कुंदन म्हणाला. ते खरंच होतं. ते निघाले तरी तो तोच ठिपका बघत होता.

जिना उतरताना लोटू हळहळला. "भला माणूस आहे हो. बापाचा फोटो बघितलात?"

"बघितला. भली माणसंच जास्त खोटं बोलतात, लोटूभाऊ. लबाडांना ते परवडत नाही."

लोटूला हे मुळीच पटलं नाही, पण उन्हात वाद घालायची त्याची हौस फिटली होती.

* * *

तिसरा माणूस विकास देवरे. शिरपूरकडचा. तोही त्याच ऑफिसात कारकून होता, आता त्याचा कॉम्प्युटर क्लास चालत होता. शालिग्रामचं नाव काढलं आणि त्याचा चेहरा आंबला.

"आमचं बोलणं नव्हतं, ताई. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक. तो जेवणाच्या सुट्टीत खुर्ची अडवून बसायचा, मी कधी शिकायचं? शेवटी मिल सुटल्यावर शिकलो."

"त्याने खेळ बनवला होता?"

"मी बघितला नाही. पडद्याला असा पाठीने झाकून बसायचा, जसं काय प्रेमपत्रच लिहितोय. मशीनच्या पोटातून पिपाणी वाजायची मधूनमधून. ढोबळेसाहेब आतून ओरडायचे, बंद करा ती पिपाणी!"

"साहेबांना कॉम्प्युटर यायचा?"

"सुरू करायचं बटण आम्ही दाखवायचो. पण मोठा माणूस, रविवारी एकटा येऊन काय करत होता, मला काय ठाऊक? मी कुणाच्या बाजूने शपथ घेणार नाही."

"एवढ्या वर्षांनी तुम्हाला त्या दिवसांची आठवण येते?"

विकास उसासला. "कसली आठवण! मिलमध्ये रंगीत असायच्या त्या फक्त साड्या. आमच्या भिंती, आमचं मशीन, आमचा जन्म, सगळं करडं."

"नाटकी माणूस," बाहेर आल्यावर लोटू म्हणाला. "याचाच उद्योग हा. शालिग्रामवर खार खाऊन आहे, कॉम्प्युटर येतो, क्लास चालवतो. चेतनला बाद करा. हाच."

"सकाळपासून तुमचे दोन चोर झाले. तिसरा संध्याकाळपर्यंत होईल."

जाताना छायाताई बोरसेंच्या घरी थांबल्या. शालिग्राम भिंतीकडे तोंड करून पडले होते. सोनालीच्या आईने, इंदुबाईंनी, चहा केला, पण त्यांचं लक्ष पलंगाकडे होतं.

"इंदुबाई, लग्न झालं त्या साली तुम्हाला काही मनासारखं मिळालं नाही, असं झालं होतं का?"

इंदुबाईंना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला कोणी सांगितलं? श्रावणात सणाला गावाला जायचं होतं, सासरी माझा पहिलाच मान. मॅनेजरने यांना सुट्टी दिली नाही. मी दोन दिवस रडत होते. हे म्हणाले, थांब, मी तुझं इथेच करतो. मी म्हटलं, कसं करणार, डोंबल!"

छायाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी पलंगाकडे जाऊन शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, तुम्हाला परत एकदा हॉलमध्ये यावं लागेल. या वेळी मी सांगते तसं."

शालिग्रामने मान वळवली नाही. डावा हात मात्र चादरीवर हलला.

* * *

संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमले. चेतन कॉम्प्युटरपाशी, विकास हाताची घडी घालून लांब, कुंदन पितळी पाटीशेजारी. चाकांच्या खुर्चीत शालिग्राम, मागे सोनाली आणि इंदुबाई. कुंदनने वाकून शालिग्रामना नमस्कार केला. त्यांनी बघितलं नाही.

"हा खेळ बिघडलाय असं सगळे म्हणतात," छायाताई म्हणाल्या. "रंग बिघडले, माप बिघडलं, आवाज बिघडला, वेग बिघडला. मी म्हणते, खेळ धडधाकट आहे. आपली बघायची रीत चुकलीय. एक पान तेवढं खोटं आहे. पहिलं."

"कशावरून?" कुंदन म्हणाला.

"मापावरून. चेतन, ताण लाव."

चेतनने लावला. चाकं गोल झाली, चंद्राचं अंडं झालं.

"चाकं ज्याने काढली तो जुन्या पडद्यासमोर बसला होता. तिथे ठिपका उभट, म्हणून त्याने चाक ठिपक्यांत उंचीला थोडं आखूड काढलं, तेव्हा कुठे त्याला ते गोल दिसलं. चंद्र ज्याने काढला त्याच्या पडद्यावरचा ठिपका चौकोनी होता. म्हणजे तो चंद्र आताच्या कॉम्प्युटरवर काढलेला आहे. ज्या मिलमध्ये ही चाकं काढली गेली, तिथे तो चंद्र कधीच उगवला नव्हता."

लोटूच्या डोक्यात उजेड पडायला लागला होता, पण अजून पहाटच होती. "म्हणजे चेतन?"

"मी?" चेतन उडालाच.

"चेतन नव्हे. जुना खेळ हातात आला की तो आधी ताण लावतो. त्याने चंद्र काढला असता तर चाकांच्याच मापाने काढला असता. आणि दोन मापांची तक्रार आपण होऊन आपल्याला कोणी सांगितली? त्यानेच. आता रंग. लाल नदी, हिरवं तोंड. विकासभाऊ, तुमच्या ऑफिसातला पडदा कसा होता?"

"करडा," विकास म्हणाला. "सांगितलं की. रंगीत पडदा साहेबांनी मागवलाच नाही कधी. सगळं राखेसारखं दिसायचं."

"सांगितलंत, आणि लोटूभाऊंना ते नाटक वाटलं. चेतन, चित्रातले रंग काढून टाक. नुसतं काळं-पांढरं ठेव."

चेतनने दोन बटणं दाबली. लोटू पुढे सरकला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. लाल नदी आता मऊ करडी नदी होती, तिच्यावर फिकट लाटा. हिरवं तोंड उजळ झालं, त्यावर काळेभोर डोळे, नाकात नथ. इतका वेळ भुतासारखी दिसणारी बाई चांगली घरंदाज बाई झाली होती.

"बनवणाऱ्याला रंग दिसतच नव्हते," ताई म्हणाल्या. "कोणता उजळ दिसतो, कोणता काळसर, एवढंच बघून त्याने भरले. आता पहिल्या पानाकडे या. निळं आकाश, पिवळा चंद्र. ज्याला रंग दिसत होते त्याचं काम. विकासभाऊंना पडदा करडा होता हे ठाऊक होतं, त्यांनी खोटं पान काढलं असतं तर असं रंगीत काढलं नसतं. पण एक गृहस्थ मला म्हणाले, लहानपणी मांडीवर बसून बघितलेली लाल नदी अजून डोळ्यांपुढे आहे."

कुंदन पाटीकडे बघत होता.

"त्या पडद्यावर लाल नदी कुणालाच दिसली नसती, कुंदनभाऊ. ती तुम्ही फक्त तुमच्या ऑफिसात बघितलीत, पेनड्राइव्ह तुमच्याकडे होता त्या चार दिवसांत. पानाच्या कडेची नक्षीही साडीच्या काठाची आहे."

"खेळाचं नाव तरी बरोबर होतं ना?" लोटूने विचारलं. "बाई पाणी भरतेय."

"लोटूभाऊ, पाणी भरणारी बाई नदीवर कशी जाते? भरलेल्या डोक्याने की रिकाम्या?"

"रिकाम्या—" लोटू म्हणाला, आणि थांबला.

"ही घरून भरल्या डोक्याने निघते, नदीवर डोक्यावरचं जातं, मग परत येते. अमरावतीच्या माणसाला ही आपली खानदेशी रीत ओळखू आली नाही, त्याचा दोष नाही. तुम्हाला मात्र यायला हवं होतं. सकाळी फोनवर कुणाशी भांडत होतात?"

लोटूने कपाळावर हात मारला. "कानबाई! आयला, ही तर कानबाई घेऊन तापीवर चाललीय! माझी सुंदरा दरसाल जाते आणि मी बैलासारखा बघत उभा!"

"श्रावणात कानबाईला गावी जायला सुट्टी मिळाली नाही, त्या साली दादांनी बायकोला शब्द दिला, तुझं इथेच करतो. तसं केलं त्यांनी. हे रंग आणि हा वेग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्या दिवशी त्यांना तो ओळखू आला नाही. आणि कुंदनभाऊ, हा खेळ त्या साहेबांच्या नावावर लागला, ज्यांनी ती सुट्टी नाकारली होती."

कुंदन खुर्चीत बसला. "हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "फ्लॉपी बाबांच्या कपाटात होती. पहिल्या पानावर नुसतं एक घर होतं, नावगाव काही नाही. मला खरंच वाटलं, बाबांचा असेल. मग वाटलं, नसला तरी काय? मिल पाडली, ऑफिस पाडलं. बाबांचं नाव कुठे एका भिंतीवरसुद्धा उरलं नाही. एक पान काढलं. बस, एवढंच." तो सोनालीकडे वळला. "पण त्या दिवशी तुझ्या बाबांना मी जे बोललो, ते बोलायला नको होतं गं. त्याची मला लाज वाटते."

सोनालीचं लक्ष वडिलांकडे होतं. शालिग्राम पडद्याकडे बघत होते, टक लावून.

"अजून दोन गोष्टी राहिल्यात," छायाताई हळूच म्हणाल्या. "चेतन, आतला स्पीकर लाव. आणि वेग उतरव, अगदी त्या जुन्या मशीनएवढा. 'किर्रर' म्हणजे काय आहे ते ऐकू दे."

चेतनने वेग उतरवला, उतरवतच नेला. मग खेळ नव्याने सुरू केला.

किर्रर नव्हतं ते. पिपाणीसारख्या एकसुरी आवाजात, अडखळत, पण सरळ सरळ कानबाईच्या गाण्याची चाल. घाईत चिरडून गेलेली, आता मोकळी झालेली. पहिल्या दोन सुरांतच इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला.

शालिग्रामचा डावा हात वर आला. चेतनने झटकन कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावरची बाई निघाली, संथ, घरच्या चालीने. हातगाडी आली, ती थांबली, गाडी जाऊ दिली. कुत्र्याला वळसा घातला. शालिग्रामचं बोट चुकत नव्हतं. विकास केव्हा खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला ते लोटूला कळलंच नाही. "डावीकडून गाडी, डावीकडून," तो पुटपुटत होता, जसं काय त्या दोघांत कधी अबोला नव्हताच.

बाई नदीवर पोचली. वाकली. उठली तेव्हा डोक्यावरच्या पाटावरची देवी गेली होती आणि तिथे वाळूचे चार ठिपके होते. ती मागे वळली आणि पुन्हा सगळ्या गाड्या, सगळी कुत्री चुकवत घरापाशी आली. तिथवर याआधी कोणी पोचलं नव्हतं. दार उघडलं. दारावर ठिपक्या-ठिपक्यांनी दोन अक्षरं उमटली.

इंदू.

"माले वाटनं," इंदुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "माले वाटनं, तुम्ही भुली ग्यात."

शालिग्रामनी मान हलवली. नाही, विसरलो नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, सोनालीने पुसलं. लोटूने स्वतःचं स्वतः पुसलं.

मागे कुर्रकुर्र आवाज झाला. कुंदन स्क्रू काढत होता. पाटी निघाली, तेव्हा ती त्याने पिशवीत घातली आणि चेतनला म्हणाला, "ते माझं पान काढून टाक. नवीन पाटी मी करून आणतो, उद्या सकाळच्या आत. नाव काय घालू, काका? खेळाचं?"

शालिग्रामना ते ऐकूच आलं नसावं. त्यांनी डाव्या हाताने एक बटण दाबलं. खेळ पुन्हा सुरू झाला, पिपाणी पुन्हा वाजली. मग कीबोर्ड त्यांनी मांडीवरून हळूच सरकवला, इंदुबाईंच्या हाताशी.